मुठीत फावडं

सेराइना मावशी पहाटे पाचला
टेबलावरच्या बश्या एका हातानं सारून
आमच्या पिशव्या पालथ्या करायची.
बाहेर इन नदी कडेनं गोठलेली, मधे काळी,
आणि रेडिओवर हिमस्खलनाचा अंदाज:
उत्तरेचे उतार, दोन हजार दोनशेच्या वर, पातळी तीन.
"पाचात तीन? म्हणजे पास," आंद्री म्हणायचा.
मावशी हसायची नाही.
"पाच असताना कुणी घराबाहेर पडत नाही रे.
माणसं तिनात मरतात."

आधी शोधयंत्र. साबणाच्या वडीएवढं,
जाकिटाच्या आत, पट्टा काखेतून घेऊन छातीला घट्ट.
मोबाइल त्याच्यापासून लांब;
दोघं शेजारी बसले की कुणाचंच धड ऐकू येत नाही.
बॅटरीचा आकडा मोठ्यानं वाचायचा.
अठ्ठ्याण्णव. ब्याण्णव.
माझा एकदा एकेचाळीस निघाला,
तर तो दिवस मी तिच्याबरोबर बटाटे सोलले.

मग घडीची काठी, दोरी ओढली की
खटाखट ताठ होणारी, माणसाहून उंच.
मग फावडं, धातूचं. प्लॅस्टिकचं तिनं एकदा
आमच्यासमोर गुडघ्यावर मोडून दाखवलं होतं.
"घसरून थांबला की तो बर्फ राहत नाही, सिमेंट होतो.
लोक जीव मुठीत धरून जातात डोंगरावर.
मुठीत फावडं धरा. जीव छातीला बांधा."
शिट्टी, कोरडे हातमोजे, राईच्या पावाची जाड फोड
हे ती न बोलता कोंबायची.

रविवारी चर्चमागच्या कुरणात
एका डब्यात चालू यंत्र आणि चीजचा तुकडा घालून
ती बर्फात पुरायची. कुठे, ते सांगायची नाही.
आम्ही बाणामागे धावायचो,
चाळीस, बावीस, नऊ,
मग रांगत, यंत्र बर्फाला टेकवून, तीन, दीड,
मग काठी खोचत, गोगलगायीच्या शंखासारखं
आतून बाहेर फिरत.
दगड खणकतो. जमीन काठी धरून ठेवते.
डबा ठक्क म्हणतो.
चीज इतकं कडक झालेलं असायचं की दात कळवळायचे,
पण जिंकलेलं होतं, चघळत घरी यायचो.

त्या फेब्रुवारीत, लार्चच्या रानाच्या वर
पायाखाली हुप्प झालं.
एवढंच. शेजारच्या खोलीत कुणी दार ओढून घ्यावं, तसं.
मग आख्खा उतार जागचा निघाला
आणि आंद्री होता तिथे
बर्फ नुसता धुरासारखा बसत होता.

चाळीस, बावीस, नऊ.
मी ओरडले का, आठवत नाही. आकडे आठवतात.
रांगले. खोचलं. खोचलं. चौथ्यांदा काठीला काहीतरी
मऊ लागलं, आणि हट्टी.
ते चीज नव्हतं.

अकरा मिनिटं, असं नंतर लोक म्हणाले.
ओठ जांभळे, नाकात बर्फ;
खोकला, थुंकला, आणि पहिलं वाक्य
"माझा डावा हातमोजा कुठाय?"

त्या रात्री त्याची पिशवी मी रिकामी केली.
त्याचं फावडं तिच्यातच होतं,
त्याच्यासोबत मीटरभर खाली पुरलेलं,
त्याला काडीच्याही उपयोगाचं नसलेलं.
आणि मी वर्षभर कुरकुरत वाहिलेलं ते ओझं
माझं कधी नव्हतंच.
म्हणून तर मावशी माझी पिशवी आंद्रीला उघडायला लावायची
आणि त्याची मला.

आता माझ्या दुकानात पाहुणे विचारतात:
हलकं कुठलं? एकट्यानं जायचं असेल तर काय नेऊ?
मी यंत्रं दाखवते, किमती सांगते,
आणि विचारते, बरोबर कोण आहे?
काही जण याला आगाऊपणा समजतात. समजोत.

मावशी ब्याऐंशीची आहे.
उन्हाळा लागला की सगळ्या यंत्रांच्या बॅटऱ्या काढून
लोण्याच्या जुन्या भांड्यात ठेवते.
हिवाळ्यात दारात उभी राहते, स्वतःचं यंत्र हातात धरून;
आम्ही एकेक करून तिच्यासमोरून जातो.
टिक टिक तिला आता ऐकू येत नाही.
ती दिवा बघते.
लागला, की दारातून बाजूला होते.